खोकी ठेवायची की टाकायची? एका मॉडेल रेल्वे संग्रहाचं प्रकरण

या प्रकरणातल्या गृहस्थांकडे मॉडेल रेल्वेची एकशे साठच्या आसपास खोकी होती आणि नव्या घरात त्यांच्या वाट्याला भिंतीतलं एकच कपाट येणार होतं. मोठ्या घरातून लहान घरात जायचं होतं, जुनं घर सोडायची तारीखही ठरली होती. संग्रह तीसेक वर्षांचा. निम्मी इंजिनं आणि डबे लेआउटवर, म्हणजे रुळांच्या मांडणीवर, कायम बाहेर, त्यांची रिकामी खोकी पोटमाळ्यावर. उरलेली निम्मी खोक्यातच, त्यातली बरीच वर्षानुवर्षं न उघडलेली.

आवराआवरीला मुलगी आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं: "बाबा, रिकाम्या खोक्यांसाठी आपण घर घेतलेलं नाही." बाबांचंही उत्तर तयार होतं: "खोकं गेलं की अर्धी किंमत गेली, तुला त्यातलं कळत नाही." मला बोलावलं होतं ते फक्त यादी करायला. पण अशी यादी करताना प्रत्येक ओळीपुढे "खोकं ठेवायचं का?" हा रकाना भरावाच लागतो, आणि तिथे वाद सुरू होतो.

काय काय होतं

संग्रहाचा मोठा भाग एचओ मापाचा, म्हणजे प्रमाण १:८७ आणि रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. काही जपानी एन गेज संच, ९ मिलिमीटर रुळांवरचे, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या प्लास्टिकच्या केसमध्ये बसवलेले. पाच पितळी वाफेची इंजिनं, हातानं जोडलेली, काही जपानी तर काही कोरियन बनावटीची. लायोनेल या अमेरिकी कंपनीचा १९५०च्या दशकातला एक ओ गेज, म्हणजे एचओहून मोठ्या मापाचा, संच, नारिंगी-निळ्या खोक्यांसकट, दुसऱ्या संग्राहकाकडून घेतलेला. अथर्न या अमेरिकी कंपनीची निळ्या खोक्यांमधली किट, जवळजवळ सगळी जोडून, रंगवून, वरून वेदरिंग करून, म्हणजे वापरून जुनी झाल्यासारखा धूळ-गंजाचा रंग चढवून झालेली. शिवाय वडिलांकडून आलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं एक ओतीव इंजिन आणि दोन मालडबे. ते मूळ खोक्यात होते आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही अशी घरातली जुनी रीत होती.

आधी जागेचा हिशोब केला, कारण वादाचं मूळ तिथे होतं. २६.४ मीटर लांबीचा खरा प्रवासी डबा एचओत ३०३ मिलिमीटरचा होतो. रुंदी ३३ आणि उंची ४७ मिलिमीटर धरली तर त्याला अर्ध्या लिटरहून कमी जागा लागते. त्याचं खोकं ३४ × ७ × ६ सेंटिमीटरचं, म्हणजे जवळजवळ दीड लिटरचं. खोकं वस्तूच्या तिप्पट जागा खातं. एकशे साठ खोक्यांचे सव्वादोनशे लिटर होतात, म्हणजे साधारण एका घरगुती फ्रिजएवढी जागा. मुलीनं मनात धरली होती त्यापेक्षा ही जागा कमी निघाली. पण दहा कंपन्यांची दहा मापांची खोकी एकावर एक नीट बसत नाहीत. मधल्या फटींत जाणारी जागा धरली की कपाट पुरत नव्हतं, यात शंका नव्हती.

खोकं उघडलं की तीन वस्तू निघतात

दोघांचं भांडण "खोकं" या एका शब्दावर चाललं होतं, आणि खोकं ही एक वस्तू नसतेच. बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल क्रमांक, कधी जुन्या दुकानाचं लेबल. आतला आधार, म्हणजे फोम, थर्माकोल किंवा प्लास्टिकचा साच्यातून काढलेला ट्रे. आणि तळाशी किंवा बाजूला सरकवलेली कागदपत्रं आणि पुड्या: सूचनापत्रक, सुट्या भागांचा नकाशा, डिकोडरच्या (इंजिनातल्या नियंत्रक चिपच्या) फंक्शनची यादी, ब्रेक पाइप, पायऱ्या, जादा कपलर (डबे जोडायचे आकडे), कर्षणाचे म्हणजे चाकांना पकड देणारे रबरी टायर. या तिघांची कामं वेगळी, आयुष्यं वेगळी, आणि ठेवा किंवा टाका हा निर्णयही वेगवेगळाच व्हायला हवा.

माझं मत इथेच सांगून टाकतो. कागद आणि पुड्या कधीच टाकू नयेत, त्यांना जागाही लागत नाही. कव्हर ठेवायचं की नाही हे ती वस्तू पुढे कुठे जाणार आहे यावरून ठरवावं. आणि आतला आधार "मूळ" आहे एवढ्या कारणावरून कधीही ठेवू नये, कारण संग्रहाचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. लोक नेमकं उलटं करतात. कव्हर जपतात, कुजलेला फोम "ओरिजिनल" म्हणून आत तसाच ठेवतात, आणि बारीक पुडी सापडत नाही म्हणून नवी मागवतात.

पुड्यांचं महत्त्व यादी करताना लगेच दिसलं. लेआउटवरच्या एका इलेक्ट्रिक इंजिनाच्या समोरच्या दोन पायऱ्या गायब होत्या. गृहस्थ म्हणाले, तुटल्या असतील कधीतरी. पोटमाळ्यावरच्या त्याच्या खोक्यात ट्रेखाली न उघडलेली पुडी होती आणि पायऱ्या तिच्यात होत्या. त्या कधी लावल्याच नव्हत्या, कारण लावल्या तर लहान त्रिज्येच्या वळणावर बोगीला अडतात, असं सूचनापत्रकात लिहिलेलं होतं. खोकं टाकलं असतं तर पायऱ्याही गेल्या असत्या आणि हे कळण्याची सोयही.

पितळी इंजिनं आणि फोम

पाचातलं पहिलं पितळी इंजिन उघडलं तेव्हा मुलगी शेजारी बसली होती. कव्हर उत्तम अवस्थेत होतं, कडासुद्धा धारदार. झाकण काढल्यावर आत एकेकाळी पिवळसर असलेला फोम गडद तपकिरी झालेला. बोट टेकवलं तर बोटाचा खड्डा तसाच राहिला, वर आला नाही. इंजिन उचललं तेव्हा फोमचा एक पातळ थर बॉयलरला चिकटून वर आला, आणि पिस्टन रॉडच्या मागे, चाकांच्या आऱ्यांमध्ये, गिअरबॉक्सच्या फटीत भुगा भरलेला दिसला. बॉयलरच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या संरक्षक थरावर, फोमच्या छिद्रांची जाळी ठशासारखी उमटली होती. वीस वर्षं या इंजिनाला कुणाचा हातही लागला नव्हता.

हा पॉलियुरेथेन फोम. पॉलियुरेथेनचं रसायन ऑटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलं आणि १९५०च्या दशकापासून मऊ फोम वेष्टनात सर्रास आला. त्याचे ढोबळमानानं दोन प्रकार. पॉलिएस्टर जातीचा फोम हवेतल्या दमटपणानं तुटतो, चिकट होतो. पॉलिईथर जातीचा प्रकाश आणि प्राणवायूनं सुकतो, भुसभुशीत होतो. म्हणजे बंद, अंधाऱ्या, दमट पोटमाळ्यावर पहिल्या प्रकाराचं मरण लवकर येतं, आणि "अंधारात बंद ठेवलंय, सुरक्षित आहे" ही संग्राहकांची लाडकी समजूत इथे चालत नाही. हा फोम बाहेरून ओळखता येत नाही. खोकं उघडून दाबून पाहणं हा एकच उपाय, आणि तो दर वर्षा-दोन वर्षांनी करावा लागतो.

साफसफाई हळूहळू केली. पुसायचं नाही, कारण पुसलं की चिकट भुगा तपशिलांत आणखी खोल जातो. मऊ ब्रशनं सुटा केला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला पातळ जाळीचं कापड बांधून ओढून घेतला. कापड अशासाठी की एखादा हँडरेल (बाजूचा बारीक कठडा) सुटला तर तो नळीत जाऊ नये. लॅकरवर चिकटलेल्या थराला आधी काहीच लावलं नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल फोमचा चिकटपणा काढतं, पण काही लॅकर आणि रंगही काढतं, म्हणून ते टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) पोटाखाली, जिथे दिसत नाही तिथे कापसाच्या टोकानं लावून पाहिलं. गिअरबॉक्स उघडून जुनं ग्रीस काढलं, कारण भुगा मिसळलेलं ग्रीस दातांना कानशीसारखं घासतं. तोवर इंजिनाला वीज द्यायची नाही असं गृहस्थांना दोनदा बजावावं लागलं. त्यांना ते चालतंय का हे पाहायची घाई होती, आणि ती कुणालाही होईल.

पाचांपैकी दोघांच्या लॅकरवरचे ठसे गेले नाहीत. एकाचा फोम नुकताच पिवळा पडायला लागला होता, तो वेळेत निघाला. उरलेल्या दोघांच्या मूळ मालकानं इंजिनं आधी पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळून मग फोममध्ये ठेवली होती. फोम त्यांचाही कुजला होता, पण इंजिनं स्वच्छ निघाली. बारीकशा पिशवीनं सगळा फरक केला होता.

जुन्या फोमच्या जागी बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम कापून बसवला. इंजिनाभोवती पॉलिथिनचा पातळ कागद, त्याच्या दोन्ही बाजू वर आलेल्या, म्हणजे इंजिन त्या झोळीला धरून उचलता येतं. बबल रॅप रंगाला थेट लावला नाही, कारण त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनाही फाटा दिला. पीव्हीसी मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला चिकट करून विरघळवतं. गृहस्थांना मात्र जुना फोम टाकवेना. "ओरिजिनल आहे हो," एवढंच ते म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. ज्या घाणेरड्या तपकिरी लगद्यानं बॉयलरवर जाळी कोरली, त्याला मूळपणाचा मान देण्यात अर्थ नाही. कुठलाही जाणता खरेदीदार त्यासाठी जास्त मोजत नाही, उलट आत अजून तोच फोम आहे असं दिसलं तर इंजिनाकडे संशयानं पाहतो.

किमतीचा मुद्दा

बाबांच्या "अर्धी किंमत" या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सगळीकडे सारखं लागू नाही. जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या जगात कव्हर ही स्वतंत्र संग्रहवस्तू आहे. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या प्रतवारीत गाडीला सी-१ ते सी-१० अशी श्रेणी मिळते आणि खोक्याला पी-१ ते पी-१० अशी वेगळी. रिकामं खोकंही विकलं जातं, आणि कव्हरांच्या नव्या छापील प्रतिकृतीही मिळतात. कारण उघड आहे. पुठ्ठ्याची खोकी मुलांनी पहिल्याच दिवशी फाडली, गाड्या मात्र टिकल्या. म्हणून आज जुन्या संचात खोकं गाडीपेक्षा दुर्मीळ असू शकतं.

खोकं पुरावाही देतं. लायोनेलनं १९५७ साली मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असा एक संच काढला. तेव्हा तो खपला नाही, आणि आज संग्राहक त्याच्याच मागे असतात. मागणी आहे म्हणून त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, पुन्हा रंगवलेल्या गाड्याही फिरतात. अशा ठिकाणी योग्य क्रमांकाची खोकी संच खरा आहे हे सांगायला मदत करतात, पण एकटी पुरत नाहीत. कव्हराची प्रतिकृती बनते तिथे कव्हरावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

आमच्या गृहस्थांचा लायोनेल संच हा नव्हे, साधा मालगाडीचा होता. पण त्यातही एक गफलत सापडली. एका मालडब्याच्या तळावरचा क्रमांक आणि खोक्याच्या टोकावरचा क्रमांक जुळत नव्हता. आधीच्या मालकानं त्याच मापाच्या दुसऱ्या डब्याचं खोकं जोडलं होतं. फसवायला असेल किंवा सोयीसाठी, कुणास ठाऊक. यादीत आम्ही स्पष्ट लिहिलं: "खोकं या डब्याचं नाही." पुढे विकायचं झालं तर हे वाक्य किंमत उतरवेल, पण ते लिहिलेलं असावं.

आधुनिक, तयार मिळणाऱ्या एचओ मॉडेलांचं गणित वेगळं. त्यांची खोकी जवळजवळ प्रत्येक जण ठेवतो. म्हणून खोकं असल्यानं भाव वाढत नाही, नसल्यानं कमी होतो. हा फरक बारीक असला तरी मोठ्या संग्रहात तोच निर्णायक ठरतो. ज्या वस्तू विकायच्याच नाहीत, त्यांच्यासाठी भावाचा हा धाक कशाला बाळगायचा? आणि अथर्नची जी किट जोडून, रंगवून, कपलर बदलून, धूळ-गंजाचा रंग चढवून झाली होती, त्यांचं मूळपण केव्हाच संपलं होतं. ती गृहस्थांच्या हातची कामं होती, आणि चांगली होती. त्यांच्या निळ्या खोक्यांना संग्रहमूल्याचा आधार उरला नव्हता. मात्र ती मजबूत आहेत आणि एकसारख्या मापाची आहेत, म्हणून मालडबे ठेवायला कामी आली.

हात न लावायचं इंजिन

वडिलांच्या इंजिनाचं खोकं या सगळ्या संग्रहात सर्वांत सुंदर होतं. छपाईचा रंग उडालेला नव्हता, चारही टोकांची पानं शाबूत. आतलं इंजिन मात्र बाहेर येईना. ते पुठ्ठ्याच्या खाचेत घट्ट बसलं होतं. फॅक्टरीतून निघताना ते तसं नसणार. खाच कापून काढल्यावर कारण दिसलं: चौकटीवर बारीक भेगांचं जाळं, एका बाजूचा सिलिंडर फुगून वाकलेला, आणि तळाशी करड्या भुकटीचा थर.

याला झिंक पेस्ट म्हणतात; इथे पेस्ट म्हणजे लगदा नव्हे, इंग्रजी 'pest', म्हणजे जस्ताची कीड. त्या काळी ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूत बनत, आणि ओतताना शिशासारखी अशुद्धी मिसळली तर धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज धरतो. धातू फुगतो, तडकतो, शेवटी हाताखाली चुरा होतो. दमटपणा आणि उष्णता त्याला वेग देतात. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीनं झामाक ही मिश्रधातूंची मालिका आणली तेव्हा अतिशुद्ध जस्ताचा आग्रह याचसाठी होता. आजच्या झामाक ओतकामात शिशाची मर्यादा ०.००५ टक्के आहे. पण नियम एक आणि भट्टीवरचं काम दुसरं. भंगार मिसळलेली ओतकामं नंतरही होत राहिली, त्यामुळे अलीकडच्या मॉडेलांतही हा रोग कधीमधी दिसतो.

गृहस्थांनी लगेच विचारलं, "शेजारच्या इंजिनांना लागेल का?" नाही लागत. हा रोग त्या ओतकामाच्या पोटातच असतो, एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यावर इलाजही नाही. कोरड्या, स्थिर हवेत तो हळू चालतो इतकंच. पण खोक्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फुगणारं इंजिन घट्ट खाचेत ठेवलं तर स्वतःच्या दाबानंच लवकर तुटतं. हात न लावण्याच्या रीतीनं ते वाचलं नव्हतं, फक्त कळायला उशीर झाला होता. कदाचित लवकर कळूनही फार काही करता आलं नसतं, पण खाच सैल करता आली असती.

मुलीनं शांतपणे विचारलं, "मग आता खोकं जास्त मोलाचं की इंजिन?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. अशा अवस्थेतलं इंजिन सुट्या भागांपुरतंच, आणि त्याचं खोकं मात्र त्याच मॉडेलच्या चांगल्या इंजिनाच्या मालकाला हवंहवंसं. गृहस्थ म्हणाले, "ते वेगळं करायचं नाही." त्यावर कुणी वाद घातला नाही. खोकं सपाट आम्लरहित कागदात वेगळं ठेवलं, इंजिन मोकळ्या पेटीत, आणि दोन्हींत एकमेकांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी.

रोजची इंजिनं

लेआउटवर फिरणाऱ्या गाड्यांसाठी मूळ खोकी हे साठवणीचं चांगलं साधन नाही, हे अनुभवी छांदिष्ट खासगीत मान्य करतात आणि चारचौघांत करत नाहीत. हँडरेल, आरसे, पँटोग्राफ (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा), शिटीच्या दोऱ्या हे सगळं मोडतं ते बहुधा खोक्यात घालताना किंवा काढताना. प्लास्टिकचा ट्रे बोटांना जागा देत नाही, म्हणून माणूस जिथे पकडू नये तिथे पकडतो. पँटोग्राफ वर राहिला तर झाकणाखाली मुडपतो. जी गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर येते तिला आयुष्यभरात शेकडो वेळा हे सोसावं लागतं. तिच्यासाठी उथळ खण, त्यात मऊ पॉलिइथिलीन फोमच्या भिंती, आणि गाडी आडवी न पाडता सरळ उचलता येईल अशी जागा हे जास्त बरं. कर्षणाच्या रबरी टायरांवर एकाच जागी महिनोन्महिने भार राहिला तर ते चपटे होतात, म्हणून जी फिरवायची नाहीत ती इंजिनं खणात कुशीवर ठेवली.

या गाड्यांची खोकी घडी करायला घेतली. शेवटच्या टोकांना गोंद नसलेली, फक्त पानं आत खोचलेली कव्हरं बाजूच्या जोडासकट सपाट होतात. जुनी, प्लास्टिकच्या खिडकीची कव्हरं मात्र सपाट करू नयेत. खिडकीचा पापुद्रा घडीवर तडकतो आणि एकदा तडकला की दुरुस्त होत नाही. एकाच मॉडेलचे ट्रे एकात एक बसतात, वेगवेगळ्या मॉडेलांचे बसत नाहीत. पहिल्या थप्पीत ट्रेवर काहीच लिहिलं नव्हतं, आणि दहा मिनिटांत कुठला ट्रे कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. मग प्रत्येक ट्रेमध्ये पेन्सिलनं क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सरकवली. चिकटपट्टी नको, हे कव्हरांसाठीही खरं: जुन्या सेलोटेपचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना छपाई सोलून काढतो. रबरबँड तर त्याहून वाईट, काही वर्षांनी वितळून पुठ्ठ्यात शिरतात. पोटमाळ्यावर दोन्हींचे नमुने मुबलक होते, शिवाय एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली लेबलं.

एन गेजच्या संचांवर वादच झाला नाही. पुस्तकासारख्या केस कपाटात उभ्या राहतात, कण्यावर नाव दिसतं, आणि आठ डब्यांची आख्खी गाडी एका केसमध्ये बसते. यांच्या आतला फोमही युरेथेनचाच, म्हणून जुन्या केसमधले डबे पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळलेले आहेत ना हे तपासलं आणि दाबून वर न येणारे फोम बदलायच्या यादीत टाकले. हमीच्या मुदतीत असलेल्या नव्या गाड्यांची खोकी आतल्या-बाहेरच्या सगळ्यासकट ठेवली, परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतं.

हलवण्याबद्दल मात्र एक सांगायला हवं. मूळ खोकं दुकानाच्या फळीसाठी बनलेलं असतं, आणि कंपनीतून निघताना ते मोठ्या पेटीत, शेजाऱ्यांसोबत दाटीनं बसलेलं असतं. एकटं खोकं कुरिअरला किंवा सामानाच्या ट्रकला देण्यासाठी ते नाही. जड धातूचं इंजिन पातळ ट्रेमध्ये असलं आणि खोकं कोपऱ्यावर पडलं तर ट्रे फुटतो आणि बफर आत जातात. आम्ही खोकी दुहेरी पुठ्ठ्याच्या पेटीत, सगळ्या बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर भरण ठेवून नेली.

काय ठरलं, आणि पुढे

शेवटी सत्तरेक खोकी अखंड राहिली: एन गेजचे संच, पितळी इंजिनं नव्या फोमसह, लायोनेल, वडिलांचा संच, हमीतल्या गाड्या, आणि विकायच्या म्हणून वेगळ्या काढलेल्या. पन्नासेक घडी होऊन दोन चपट्या पेट्यांत गेली. निळी खोकी मालडब्यांच्या कामी लागली. काही रिकामी खोकी, ज्यांच्या गाड्या केव्हाच विकल्या किंवा मोडल्या होत्या, ती त्याच मॉडेलांच्या मालकांना देऊन टाकली. रिकाम्या खोक्याला खरी गरज असलेला माणूस शोधला की सापडतो. पाण्यानं फुगलेली आणि बुरशी धरलेली थोडी रद्दीत गेली. त्यांना ठेवणं म्हणजे उरलेल्यांत बुरशी पसरवणं. कपाटात हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहायचं ठरलं, एक साधा मापक आणि सिलिका जेलच्या पुड्या आत आहेत.

मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटली ती मुलीनं केलेली गोष्ट. तिनं प्रत्येक गाडीला एक क्रमांक दिला, तोच क्रमांक तिच्या खोक्याच्या, ट्रेच्या आणि पुडीच्या चिठ्ठीवर. वहीत क्रमांकापुढे कंपनी, मॉडेल क्रमांक, काय बदल केले, खोकं कुठे आहे. खोक्याच्या टोकावरचं लेबल आजवर हेच काम करत होतं, आणि ज्याला या छंदातलं काही कळत नाही अशा वारसासाठी ते सगळ्यात मोलाचं असतं. लेबल नसेल तर काळं वाफेचं इंजिन आणि दुसरं काळं वाफेचं इंजिन यांत त्याला फरक कळणार नाही, आणि दोन्ही एकाच पेटीत एकाच भावानं जातील. घडी केलेलं खोकं हे काम वहीइतकंच करतं. पण वही पोटमाळ्यावर चढून शोधावी लागत नाही.

वर्षभरानं मी यादी पुन्हा पडताळली. पितळी इंजिनांचा नवा फोम जसाच्या तसा. वडिलांच्या इंजिनाच्या चौकटीवर एक भेग वाढली, तळाची भुकटी थोडी जास्त. मुलीनं स्वतः परीक्षा घेतली: खणातून कुठलंही इंजिन उचलायचं आणि वहीवरून त्याचं खोकं, ट्रे आणि पुडी शोधायची. बहुतेक सापडली. तीन इंजिनांना मात्र वेदरिंग करताना मूळ क्रमांक रंगाखाली गेला आहे, आणि त्यांच्या मापाची चार सपाट खोकी पेटीत आहेत. कुठलं कुणाचं हे गृहस्थांनाही आठवत नाही. वहीत त्या तीन ओळींपुढचा रकाना सध्या कोराच आहे.